पहिलं हो, बाकी नाही

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा मी शाळेच्या तळघरात, बॉयलरच्या मागे गुडघे टेकून गळक्या सांध्याखाली डबा सरकवत होतो. त्या तळघरात फोन लागत नाही म्हणून तर मला ही नोकरी आवडते. त्या दिवशी नेमका लागला. पलीकडे माझा थोरला भाऊ बर्नी होता आणि तो ओरडत होता. फोन म्हणजे लांबच्या माणसाला हाक मारायचं साधन, अशीच त्याची समजूत आहे. "कॉन, बसलायस की उभा आहेस?" "गुडघ्यावर आहे." "मग तसाच राहा आणि देवाला हात जोड. चारशे सतरा. कालचा आकडा चारशे सतरा. लेका, रायफल लागली तुला." मी "काय सांगतोस" म्हणालो, "वा" म्हणालो, असल्या वेळी म्हणायचं असतं ते सगळं म्हणालो. आणि म्हणता म्हणता माझा हात आपोआप मागच्या खिशावर, पाकिटावर गेला. पाकिटात गाडीच्या लायसनच्या मागे एक कार्ड आहे. ते तिथं आहे हे माझी बायको नॅडीन आणि पेनसिल्व्हेनिया राज्य, एवढी दोघं सोडून कोणालाही ठाऊक नव्हतं. "शनिवारी ट्रूडीच्या बंदुकांच्या दुकानात जायचं, कागद भरायचा आणि घेऊन यायची," बर्नी सांगत होता. "मी येतो बरोबर. मला बघायचीय ती." फोन ठेवला आणि डबा सांध्याखाली नीट बसवला. वरच्या मजल्यावर तास संपल्याची घंटा झाली आणि शेकडो पायांचा आवाज माझ्या डोक्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला.

आता ही सोडत म्हणजे काय, तर बर्नी ज्या स्वयंसेवक अग्निशमन दलात आहे ते दल दर नोव्हेंबरात महिनाभर रोज एक बंदूक ठेवतं. राज्याच्या लॉटरीचा तीन आकडी नंबर ज्याच्या तिकिटावर, त्याची त्या दिवसाची बंदूक. त्यातून दलाला नवे पाइप मिळतात, बूट मिळतात. एरी शहराच्या आसपास असं दल नसलेलं गाव नाही आणि ज्याच्याकडे असं तिकीट नाही असा पुरुष नाही. माझं तिकीट बर्नीच आणून देतो, सव्वीस वर्षं, आणि नंबर नेहमी चारशे सतरा. इंजिनाच्या कारखान्यात आमच्या डॅडच्या बिल्ल्यावर तोच होता. चर्चमध्ये थाळी फिरते तेव्हा त्यात हात घालताना परत काही मिळेल असं कोणी मनात आणत नाही, तसंच हे. यंदाही सप्टेंबरात तो दारात उभा राहिला, मी तिकीट घेतलं, फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. त्याच फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात, माझ्या चघळायच्या गोळ्यांची डबी होती. दोन्हींच्या मध्ये फक्त एक पत्रा. पण तिकीट घेताना मला त्या डबीची आठवण झाली नाही आणि डबी उघडताना तिकिटाची. माणूस स्वतःच्या घरात इतका बेसावध असतो.

कार्ड एप्रिलमधलं. फेब्रुवारीत मला नागीण झाली, डाव्या बरगड्यांवर, पाठीपासून छातीपर्यंत पट्टा. फोड गेले, कातडी बरी झाली, आणि आग तेवढी राहिली. बनियन अंगाला लागला तरी कोणी तापलेली सळई ओढल्यासारखं व्हायचं. डॉक्टरनं आधी अफूच्या जातीच्या जोरकस गोळ्या लिहून दिल्या. ती चिठ्ठी मी औषधाच्या दुकानापर्यंत नेली आणि दारातून परत आणली, कारण तसल्या गोळ्यांचं शेवटचं टोक कुठं असतं ते आमच्या घरानं पाहिलेलं आहे. मग नॅडीननं कुठंतरी वाचलं, मग फोनच्या पडद्यावर एक दुसरा डॉक्टर दिसला, त्यानं सात मिनिटं विचारपूस केली, आणि पोस्टानं कार्ड आलं. गांजाचं कार्ड. एकोणसाठाव्या वर्षी. ज्या दुकानातून गोळ्या मिळतात तिथं दवाखान्यासारखी बाकं आहेत आणि काउंटरवर एक तरुण मुलगी असते. पहिल्या दिवशी तिनं डबी पिशवीत घालताना आवाज खाली आणून म्हटलं होतं, "घरात बंदुका आहेत का, हे मी विचारत नाहीये काका. तुम्हीही सांगू नका. फक्त एवढंच, की कार्ड राज्याचं आहे आणि बंदुकीचा कायदा वॉशिंग्टनचा आहे, आणि त्यांच्या लेखी गांजावाल्यानं बंदूक ठेवायची नाही." मी हसून मान डोलावली. इथं बंदूक नसलेलं घर म्हणजे नळ नसलेलं घर. त्या दिवशी अर्धी गोळी घेतली आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा सलग सहा तास झोपलो. मुलीचं बोलणं त्या झोपेत कुठं गेलं ते गेलंच.

संध्याकाळी जेवताना मी नॅडीनला सांगितलं. तिनं काटा खाली ठेवला. "लागली? तुला? आपल्याला कधी चर्चच्या सोडतीत कोबीसुद्धा लागला नाही." मग तिच्या ध्यानात आलं. नॅडीन तीस वर्षं विम्याच्या कचेरीत होती. कागदावर काय विचारतात याचं तिला माझ्यापेक्षा जास्त भय आहे आणि माझ्यापेक्षा जास्त ज्ञानही. "तो गांजाचा प्रश्न असतो ना त्या कागदात," ती म्हणाली. "असतो." "मग नाही लिही. सगळे लिहितात. माझ्या बहिणीच्या गल्लीत निम्म्यांकडे कार्ड आहे आणि निम्मे डिसेंबरात हरणाचं मांस वाटत फिरतात." मी म्हटलं, खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. "मग मी घेते. माझ्या नावावर." मी म्हटलं, माझ्यासाठी तुझ्या नावावर घेणं हा तिसरा. ती थोडा वेळ बटाटा कुस्करत बसली. "आणि तळघरातल्या तीन?" तिनं विचारलं.  आमच्या घराच्या तळघरातल्या कपाटात माझ्या दोन आणि डॅडची एक, अशा तीन बंदुका उभ्या आहेत. एप्रिलपासून, म्हणजे ज्या दिवशी मी पहिली अर्धी गोळी चघळली त्या दिवसापासून, त्या तिथं असणं हाच गुन्हा होता. पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा. मी काही केलं नव्हतं. कपाट उघडलंसुद्धा नव्हतं. मी वर झोपलो होतो आणि खाली गुन्हा चालू होता.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं की गोळी बंद. चार दिवस. शनिवारी कागदावर जेव्हा विचारतील, तुम्ही गांजाचं सेवन करणारे आहात का, तेव्हा मला खरं बोलून नाही लिहिता यावं. आहात का, असं विचारतात. होतात का, असं विचारत नाहीत. आता माणूस नेमका किती दिवसांनी 'नाही' होतो हे कुठं लिहिलेलं असेल म्हणून मी फोनवर शोधलं. एक न्यायाधीश म्हणतो, बंदूक हातात असताना नशेत असला तरच. दुसरा म्हणतो, सवय असली की पुरे. तिसऱ्याच्या पुढं खटला अजून पडून आहे. मोठमोठ्या माणसांनी पानंच्या पानं लिहिली आहेत आणि माझ्यासारख्याला शनिवारी काय करायचं हे त्यात नाही. बुधवारी बनियन काढून शर्ट घातला. गुरुवारी शर्टाखाली नॅडीनचा जुना रेशमी रुमाल पसरला. शाळेत मुख्याध्यापिका जिन्यात भेटली, म्हणाली, "कॉन, तुम्ही वाकडे का चालताय?" मी म्हटलं, बॉयलर वाकडा आहे, त्याच्याकडं बघून सवय झाली. ती हसली. मी वळलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते केवळ दुखण्याचं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटत होती. इतका आटापिटा कशासाठी, तर एका रायफलीसाठी नव्हे. मला ती नकोच होती. मला हवा होता तो पुढचा शनिवार, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा.

तो शनिवार म्हणजे हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. पूर्वी सोमवार असायचा, शाळा बंद असायच्या, आता शनिवार केला आहे. त्या दिवशी बर्नी आणि मी डॅडनं बांधलेल्या कॅम्पवर असतो. कॅम्प म्हणजे दोन खोल्या, एक शेगडी, आणि भिंतीवर उंदरांनी कुरतडलेला नकाशा. वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही एकमेकांशी हवामानाबद्दल बोलतो. तिथं मात्र, दिवसभर आपापल्या झाडाखाली गारठून परत आलो, बूट शेगडीजवळ ठेवले की बर्नी बोलतो. सलग नाही. एखादं वाक्य, मग लाकूड सारणं, मग दुसरं. गेली आठ वर्षं तो फक्त तिथंच आपल्या मुलाचं नाव घेतो. डेरेक. इतर कुठं घेत नाही, बायकोपाशीही नाही. ती तर डेरेक गेल्यानंतर वर्षभरात बहिणीकडं राहायला गेली. मी गेलो नाही तर तो एकटा जाईल आणि ते नाव कोणासमोर काढणार, हा माझा खरा प्रश्न होता. आणि कार्डाबद्दल कळलं तर तो मला तिथं येऊ देणार नाही, हे मला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं नक्की ठाऊक होतं. का, तेही मला ठाऊक होतं, कारण ते सगळं झालं तेव्हा मी टेबलाशी बसलेलो होतो.

अकरा वर्षांपूर्वीचं ईस्टरचं जेवण होतं, बर्नीच्या घरी. डुकराचं भाजलेलं मांस, किसलेला झणझणीत मुळा, आणि मधोमध लोण्याचं केलेलं कोकरू, लवंगांचे डोळे लावलेलं. आमच्या पोलिश घरांत ते लागतंच. बर्नी गाडीच्या किल्ल्या शोधायला डेरेकच्या जाकिटाच्या खिशात हात घालतो काय आणि गांजाची एक छोटी पिशवी घेऊन येतो काय. ती त्यानं कोकराशेजारी ठेवली. आवाज चढवला नाही. "हे तू घेतोस का? हो की नाही, एवढंच सांग." डेरेक एकोणीस वर्षांचा. त्यानं पिशवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी त्याचा काका आणि बाप्तिस्म्याला त्याला हातांत धरलेला माणूस. तारुण्यात मी आणि बर्नी दोघांनी तळ्याकाठी हीच पानं ओढलेली, हे त्याला मीच एकदा हसत सांगितलं होतं. मी माझ्या ताटातल्या मांसावर मुळा पसरत होतो. फार नीट, कडेपर्यंत पसरत होतो. "हो," डेरेक म्हणाला. त्याला नाही म्हणता आलं असतं. पिशवी मित्राची आहे म्हणता आलं असतं. "मग जेवून झालं की नीघ," बर्नी म्हणाला. डेरेक न जेवताच गेला. तीन वर्षांनी बफेलो शहरात एका भाड्याच्या खोलीत मेलेला सापडला, आणि रक्तात जे सापडलं ते गांजा नव्हतं. पण बर्नीच्या लेखी तो रस्ता त्या पिशवीपासूनच सुरू होतो. तेव्हापासून दलाच्या गाडीवर रात्री-अपरात्री तोच आधी चढतो, नशेनं श्वास बंद पडलेल्या अनोळखी पोरांच्या नाकात औषधाचा फवारा मारतो, त्यांना श्वास घ्यायला लावतो, आणि घरी येऊन म्हणतो, "गवतापासनं सुरुवात होते रे. बघ त्यांना. सगळे गवतवाले." मी मान हलवतो. एप्रिलपासून मी मान हलवत आलो होतो ती खिशात कार्ड ठेवून.

शुक्रवारी सकाळी मला कॉफीचा कप उचलता येईना. डावा हात उचलला की बरगडीतून आग मानेपर्यंत जायची. नॅडीननं काही विचारलं नाही. तिनं फ्रिज उघडला, सुरी घेतली, आणि एका बशीत अर्धी गोळी कॉफीजवळ ठेवली. लाल, साखर लागलेली, लहान मुलांच्या खाऊसारखी. मग ती पाठ फिरवून भांडी घासायला लागली. मी त्या गोळीकडं बघत राहिलो. तिच्या त्या न बोलण्याचा मला राग आला आणि त्याच वेळी तिच्याबद्दल इतकी माया वाटली की काय सांगू. मी ती खाल्ली. तासाभरानं आग मागं सरकली, खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. आणि माझे तीन दिवसांचे 'नाही' पाण्यात गेले.

शनिवारी बर्नी सकाळी नऊला गाडी घेऊन आला. रस्त्यावर रात्रीत पडलेला बर्फ होता, तळ्यावरून वारा येत होता. तो खुशीत होता. त्याला इतकं खुशीत मी फार दिवसांनी पाहत होतो. "नवी कॅम्पवर घेऊन चल," तो म्हणाला. "डॅडची जुनी राहू दे घरी, तिलाही विश्रांती हवी." ट्रूडीचं दुकान टेकडीच्या उतारावर आहे, बापाचं होतं, आता तिचं. ती शाळेत माझ्या वर्गात होती आणि तेव्हाही अशीच चष्मा साखळीनं गळ्यात अडकवून फिरायची. तिनं रायफल काउंटरवर आणून ठेवली. अक्रोडाचा दस्ता, निळसर नळी. बर्नीनं ती उचलली, खांद्याला लावली, भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरला. "आईशप्पथ," तो हळूच म्हणाला. मला वाटलं, त्यालाच देऊन टाकावी. बक्षीस मला नको, याला द्या, असं ट्रूडीला सांगावं. पण का नको, हे तो विचारल्याशिवाय राहिला नसता, आणि मी जी थाप मारली असती ती दुपारपर्यंत टिकली नसती. ट्रूडीनं कागद आणि पेन माझ्यापुढं सरकवलं.

नाव लिहिलं. पत्ता लिहिला. उंची, वजन, जन्मगाव. हा कागद मी आयुष्यात पाच-सहा वेळा भरला आहे आणि एकदाही वाचलेला नाही. इथं कोणी वाचत नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की बाप त्याला काउंटरशी उभा करतो आणि शिकवतो, पहिलं हो, बाकी नाही. पहिला प्रश्न असा असतो की ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना, तिथं हो. पुढं तुरुंग, वेड, बायकोला मारहाण, देशातून पळणं, सगळीकडं नाही. डॅडनं आम्हा दोघांना तसंच शिकवलं होतं, बर्नीनं डेरेकला तसंच शिकवलं असेल. मी पहिल्या चौकोनात हो केलं, दोन ठिकाणी नाही केलं, आणि पेन थांबलं. तुम्ही गांजाचं किंवा इतर कुठल्या अमली पदार्थाचं बेकायदा सेवन करणारे, किंवा त्याचे व्यसनी आहात का. खाली ठळक अक्षरांत इशारा, की तुमच्या राज्यानं औषध म्हणून परवानगी दिली असली तरी ते बेकायदाच. म्हणजे माझ्यासारखा कोणीतरी इथं येऊन थांबणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

"वाचतोयस काय इतकं?" बर्नी म्हणाला. "लग्नपत्रिका आहे का? पहिलं हो, बाकी नाही. डॅड वरून बघत असेल तर कपाळ बडवत असेल." ट्रूडीनं चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटतं तिला त्याच क्षणी कळलं. वर्षाला किती जण त्या ओळीपाशी थांबत असतील. "वाचू दे त्याला," ती म्हणाली. "घाई नाही कॉन. सही झाली की मग माझ्या हातात काही राहत नाही." मी नाही लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. तिनं फोन केला असता, राज्याच्या पोलिसांच्या यंत्रात माझं नाव स्वच्छ निघालं असतं, दहा मिनिटांत आम्ही बाहेर. कार्डांची यादी एका खात्यात आणि बंदुकांची दुसऱ्या, दोघांची गाठ नाही. सगळे तसंच करतात. मी काही साधुसंत नाही, कर भरताना मीही चार गोष्टी विसरतो. पण ते पेन त्या चौकोनावर धरलं तेव्हा माझ्यासमोर कायदा नव्हता, तुरुंगही नव्हता. लोण्याचं कोकरू होतं, आणि एकोणीस वर्षांचा पोरगा होता. त्याला कोणी वकील दिला नव्हता की चार दिवसांची मुदत. त्याला असंच विचारलं होतं, हो की नाही, आणि तो माझ्याकडं बघून खरं बोलला होता. मी जर आता नाही लिहिलं तर त्याच्यापुढं पुन्हा एकदा मान खाली घालून मुळा पसरत बसल्यासारखं होणार होतं. मी हो वर खूण केली. सही केली. सही वेडीवाकडी आली.

ट्रूडीनं कागद आपल्याकडं वळवून वाचला. कागद खाली ठेवला आणि रायफल उचलून मागच्या रॅकवर उभी केली. "ही देता येणार नाही कॉन," ती म्हणाली. "दलाला कळवते मी. काय कळवू ते तू ठरव." बर्नी हसत होता. "का, काय झालं? वजन खोटं लिहिलं का यानं?" "त्यालाच विचार," ट्रूडी म्हणाली. आणि मग माझ्याकडं न बघता, काउंटर पुसत, "घरी काय आहे ते मी विचारत नाही. पण जे असेल ते तिथं ठेवू नकोस."

गाडीत त्यानं किल्ली फिरवली नाही. मी पाकिटातून कार्ड काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. त्यानं ते हातभर लांब धरून वाचलं. माझा फोटो, माझं नाव, राज्याची मोहर. "नागिणीसाठी?" "हो." "कधीपासनं?" "एप्रिल." त्यानं कार्ड परत दिलं आणि गाडी सुरू केली.  माझ्या घरापाशी आल्यावर थांबला, उतरला, न विचारता तळघरात गेला. नॅडीन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिनं माझ्याकडं पाहून भुवया उंचावल्या. मी हो म्हणून मान हलवली. तो एकेक करून तिन्ही बंदुका वर घेऊन आला, जुन्या घोंगडीत गुंडाळून गाडीत मागच्या सीटवर ठेवल्या. डॅडची सगळ्यात शेवटी. "भावाभावांत कागद लागत नाही," तो म्हणाला. "आता या माझ्या." ते माझ्या भल्यासाठीच होतं. मला वाटलं, आता तो जाणार, आणि पुढच्या शनिवारी त्या शेगडीपाशी एकटाच बसणार.

तो दार उघडं ठेवून उभा राहिला. बर्फ त्याच्या टोपीवर पडत होता. "त्यानं फोन केला होता," तो म्हणाला. मला आधी कळलंच नाही की कोणाचं चाललंय. "त्या दिवशी. ईस्टरला. बसस्टँडवरनं. म्हणाला, डॅड, नशेबिशेसाठी नाही, मला झोप लागत नाही. डोकं थांबत नाही. ते घेतलं की झोप लागते. एवढंच आहे." तो माझ्याकडं बघत नव्हता, घोंगडीकडं बघत होता. "मी म्हटलं, सगळे हेच सांगतात. आणि ठेवून दिला फोन." हे मला आठ वर्षांत, कॅम्पवरसुद्धा, त्यानं सांगितलं नव्हतं. मग त्यानं मान वर केली. म्हातारा दिसत होता. मी त्याला कधी म्हातारा पाहिला नव्हता. "खरंच लागते का रे झोप त्यानं?"

इथं कागद नव्हता. खोटं बोललं तर इथं कुठला कायदा मला धरणार नव्हता. एप्रिलपासून मी रोज झोपतो आहे, त्या अर्ध्या गोळीवर, लहान मुलासारखा झोपतो आहे, आणि तो पोरगा बसस्टँडवरून खरंच बोलत होता हे मला जितकं पक्कं ठाऊक आहे तितकं जगात दुसऱ्या कोणाला नसेल. मी बर्नीच्या तोंडाकडं पाहिलं. तो उत्तराची वाट बघत होता आणि त्याचा हात गाडीच्या दारावर इतका घट्ट होता की बोटं पांढरी पडली होती.

"छे रे," मी म्हणालो. "झोपबीप काही नाही. मनाचे खेळ. सवय लागली इतकंच."

त्याचे खांदे खाली आले. त्यानं एकदा, दोनदा मान हलवली. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि टोपी काढून तिच्यावरचा बर्फ झटकला. गाडीत बसला, काच खाली केली. "शनिवारी पहाटे चारला येतो न्यायला. बंदूक नाही तुला. स्वयंपाक कर."

मी बरं म्हटलं. तो गेला. नॅडीन दारातून म्हणाली, आत ये, गारठशील. मी तिथंच उभा होतो, आणि माझ्यानं मान वर करवत नव्हती.